स्लॅबमधलं कार्ड पुन्हा पुन्हा वाकतंय, फिकटतंय: कारण कुठे शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. संग्रहातलं फॉइलचं, म्हणजे चकचकीत थराचं, कार्ड ग्रेड होऊन आलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून, दर्जाचा आकडा देऊन स्लॅबमध्ये (प्लॅस्टिकच्या बंद डबीत) बसवून पाठवलं, तेव्हा सरळ होतं. काही महिन्यांनी ते स्लॅबच्या आत कमान धरून बसलेलं दिसतं. मग डबा बदलला जातो, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या जातात, कार्ड सरळ होतं आणि हवा दमट झाली की पुन्हा वाकतं. काहींच्या बाबतीत वाक नसतो, पण शोकेसमधली कार्डं वर्षभरात निस्तेज होतात. काहींचे स्लॅब धुरकट किंवा चिकट होतात.

या सगळ्यामागे एक गैरसमज असतो: स्लॅब म्हणजे बंद तिजोरी, कार्ड आत गेलं की सुरक्षित. स्लॅबचे दोन भाग अल्ट्रासॉनिक पद्धतीने, म्हणजे कंपनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने, कडेला जोडलेले असतात. ही जोडणी छेडछाड झाली तर कळावी म्हणून असते. हवा अडवणं हे तिचं काम नाही. कडेच्या बारीक फटींतून बाष्प आत जातं आणि बाहेर येतं, फक्त सावकाश. लेबलवरचा दहा हा सर्वोच्च दर्जाचा आकडा कार्ड तपासलं त्या दिवसाचा असतो. पीएसए ही कंपनी १९९१ पासून ग्रेडिंग करत आहे, म्हणजे काही स्लॅब आता तीस वर्षांहून जुने आहेत. त्या तीस वर्षांत आतलं कार्ड कसल्या हवेत आणि किती उजेडात राहिलं, हे लेबल सांगत नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात कार्डापासून करू नका. कार्ड ज्या डब्यात, ज्या कपाटात, ज्या भिंतीवर आहे तिथून करा.

वाक कुठल्या बाजूला आहे?

हे आधी नीट बघून घ्या, कारण त्यातच निम्मं निदान आहे. फॉइल कार्ड दोन वेगळ्या स्वभावांच्या थरांचं असतं. कागद ओलावा घेतला की फुगतो आणि सुकला की आकसतो. फॉइलचा थर मात्र जवळपास आहे तेवढाच राहतो. हवा दमट असेल तर मागचा कागद पसरतो आणि कार्ड चित्राच्या बाजूला वळतं, म्हणजे चित्र खोलगट दिसतं. हवा फार कोरडी असेल तर कागद आकसतो आणि चित्र फुगून पुढे येतं.

चित्र खोलगट असेल तर ओलावा जास्त झालाय. फुगीर असेल तर तुम्ही कार्ड जास्त सुकवलंय, आणि अशा डब्यात आणखी सिलिका टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं. सिलिका भरलेल्या घट्ट डब्यात आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. जुन्या कार्डांना, विशेषतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तंबाखू कार्डांसारख्या (तंबाखूच्या पाकिटांसोबत मिळणाऱ्या) कागदाला, इतका कोरडेपणा मानवत नाही. तंतू ठिसूळ होतात. कार्डांसाठी मी ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान धरतो. त्यातही नेमक्या आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर राहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्षभर ५५ वर राहणारा डबा आठवड्यात ३० ते ७० अशा झोकांड्या खाणाऱ्या डब्यापेक्षा केव्हाही चांगला. ६५ च्या वर मात्र फार दिवस राहू देऊ नका. तिथून बुरशीला वाट मिळते आणि कागद खाणारी कसरही अशाच दमट जागा शोधत येते.

मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका

आर्द्रता मोजणारे दोन छोटे डिजिटल हायग्रोमीटर लागतील, दिवसातला किमान आणि कमाल आकडा लक्षात ठेवणारे. एक डब्यात, एक खोलीत. त्याआधी ते खरं बोलतात का हे तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि ओली वाळू होईल इतकंच पाणी घाला, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. साधारण खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी सांगतो, तेवढे मिळवून वाचा. स्वस्त मीटरमध्ये असा फरक नेहमी सापडतो, आणि तो माहीत नसल्यामुळे लोक महिनोन्‌महिने चुकीच्या दिशेने उपाय करत राहतात.

आता आठवडाभर दोन्ही आकडे रोज लिहा. त्यातून तीनपैकी एक चित्र पुढे येतं.

पहिलं: डब्यातला आकडा काही तासांत खोलीच्या मागे मागे जातो. म्हणजे झाकण गळतंय. यात सिलिका टाकणं म्हणजे उघड्या खिडकीशी पंखा लावून सगळी हवा सुकवायला निघणं. रबरी गॅस्केटचा आणि क्लिप लागणारा डबा घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसरं: आकडा स्थिर आहे, पण वर आहे. समजा ६८, आणि हलतच नाही. इथे डबा चांगला आहे, ओलावा तुम्हीच आत कोंडलाय. बहुतेक वेळा तो हवेतून आलेला नसतो. वीस लिटरच्या डब्यातल्या हवेत ३० अंशांना आणि ६० टक्के आर्द्रतेला अर्धा ग्रॅमही पाणी नसतं. पण त्याच हवेत राहिलेला पुठ्ठा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून बसतो. अर्धा किलोचं पुठ्ठ्याचं खोकं आणि दुभाजक आत असतील तर पस्तीस ग्रॅमच्या आसपास पाणी आत गेलं. पुडी दर महिन्याला ओली का होते याचं उत्तर इथे आहे. पुठ्ठे बाहेर काढा, कोरड्या खोलीत काही दिवस मोकळे ठेवा, किंवा त्यांच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचे दुभाजक वापरा.

तिसरं चित्र सगळ्यात फसवं. दिवसा सगळं ठीक दिसतं आणि पहाटेचा कमाल आकडा पाहिला की धक्का बसतो. हा खेळ तापमानाचा. ३० अंशांना ६० टक्के आर्द्रतेची हवा डब्यात बंद केली आणि रात्री वातानुकूलनाने तो डबा २२ अंशांवर आला, तर पाणी तेवढंच राहूनही आतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास पोचते. आत पुठ्ठा किंवा कागद भरपूर असेल तर तो हा झटका सोसून घेतो. नुसते स्लॅब असलेल्या डब्यात मात्र सोसणारं कोणी नसतं, कारण प्लॅस्टिक ओलावा शोषत नाही आणि आतला कागद स्लॅबच्या आड असतो. तेव्हा डबा थंड आणि कोरड्या वेळी भरा आणि बंद करा, दुपारच्या उकाड्यात नको. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट हेही याच चित्रात येतं. भिंत रात्री थंड होते आणि तिला चिकटलेला कोपरा आधी ओलावतो. कपाट चार बोटं पुढे ओढा, आणि जमिनीपासूनही थोडं वर ठेवा.

चित्र कळलं की उपाय साधा उरतो. गळती नाही, पुठ्ठे सुकलेत, आकडा तरीही वर जातो, अशा वेळी दुहेरी आर्द्रता पाकिटं वापरा. ही पाकिटं जास्तीचा ओलावा घेतात आणि कमी पडला तर परत देतात. ४९ टक्क्यांचं पाकीट लाकडी वाद्यांसाठी मिळतं, तेच कार्डांनाही चालतं. सिलिका वापरायचीच असेल तर हायग्रोमीटर आत ठेवूनच वापरा आणि ४५ च्या आसपास आलं की थोडी काढून घ्या. सिलिका आपल्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी घेते, मग थांबते. रंग बदलणारी घ्या म्हणजे कळतं, पण निळ्याची गुलाबी होणारी टाळा. तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. नारिंगीची हिरवी होणारी मिळते. सुट्टी सिलिका ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवली की पुन्हा कामाला येते.

वाकलेलं कार्ड सरळ करायला स्लॅबवर वजन ठेवू नका. दाब प्लॅस्टिकवर पडतो, कार्डावर नाही, आणि जोडणीला तडा जातो. योग्य आर्द्रतेत ठेवलं की कार्ड आपणहून सैलावतं. स्लॅबमधून हवेची देवाणघेवाण सावकाश होते, म्हणून दिवस लागतात, कधी आठवडे. तेवढा धीर धरा. दरम्यान रोज डबा उघडून बघितलंत तर तोच डबा पुन्हा खोलीच्या हवेने भरतो.

स्लॅबवर किंवा आत दव

थंड जागेतून स्लॅब बाहेर काढला आणि काही क्षणांत धुकं धरलं, तर घाबरू नका आणि हेअर ड्रायरही लावू नका. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं बाष्प पाणी होऊन धरतं तो, जवळजवळ २४ अंश असतो. म्हणजे २२ अंशांच्या खोलीत पडून असलेला स्लॅब अशा हवेत नेला तर त्यावर पाणी धरणारच. उपाय नेण्यापूर्वीचा आहे: स्लॅब थंड खोलीतच घट्ट पिशवीत घाला, बाहेर नेल्यावर पिशवी तीन-चार तास उघडू नका. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल आणि सुकेल. टपालाने आलेल्या पार्सलला हाच नियम लावा. उत्सुकता कितीही असली तरी खोक्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मांडलेली कार्डं फिकटताना

इथे मी जरा कठोर बोलणार आहे, कारण वाकलेलं कार्ड परत येतं, उडालेला रंग येत नाही. उजेडाचं नुकसान साठत जातं. अंधारात ठेवलं म्हणून झालेलं भरून निघत नाही.

संग्रहालयं कागद आणि जलरंगांसारख्या नाजूक वस्तूंसाठी ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उजेड धरतात. रोज आठ तास धरले तर वर्षाला १,४६,००० लक्स-तास होतात. आता शोकेसमध्ये ५०० लक्स असेल, जे चांगल्या उजेडाच्या टेबलावर सहज असतं, तर संग्रहालयाचं वर्ष तुमच्याकडे छत्तीस-सदतीस दिवसांत संपतं. थेट उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. तिथे तेच वर्ष दीड तासात उरकतं. खिडकीतून तिरपी तिरीप रोज वीस मिनिटं येत असेल, तरी आठवडाभरात वर्षाहून जास्त खर्च झाला. फोनवरचं लक्स मोजणारं ॲप ढोबळ असतं, पण ५० की ५०० हे त्यावर नक्की कळतं. मोजताना फोन कार्डाच्या जागी, कार्डाचं तोंड आहे त्याच दिशेला धरा, आणि दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी मोजा. तिरीप कधी येते हे अशाने सापडतं.

दोन समजुती सोडायला हव्यात. एक, खिडकीची काच अतिनील (यूव्ही) किरण अडवते. साधी काच यूव्ही-बी बरंचसं अडवते, यूव्ही-ए मोठ्या प्रमाणात आत सोडते. दुसरी, यूव्ही रोधक ॲक्रिलिक लावलं की काम झालं. चांगलं ॲक्रिलिक अतिनील किरण जवळपास सगळे अडवतं आणि ते लावावंच. पण दृश्य प्रकाशही रंग उडवतो, तो तर पारदर्शक पत्र्यातून येणारच, नाहीतर कार्ड दिसणार कसं? एलईडी दिव्यांत अतिनील किरण नगण्य असतात हे खरं, मात्र दिवसभर पेटलेली एलईडी पट्टी कार्डापासून एका वितीवर असेल तर लक्सचा हिशेब तसाच चालू राहतो. शिवाय तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा भाग, बंद शोकेसमध्ये तापतो आणि वर सांगितलेला तापमानाचा खेळ रोज संध्याकाळी सुरू करतो. ड्रायव्हर शोकेसच्या बाहेर घ्या, दिव्याला हालचाल ओळखणारा सेन्सर लावा. समोर कोणी उभं असेल तेवढाच वेळ उजेड, एवढ्यानेच मोठा फरक पडतो.

फिकटणं ओळखायचं कसं? छापील शाईत किरमिजी आणि पिवळा आधी जातात, निळा आणि काळा तग धरतात. त्वचेचे रंग आणि लाल पट्टे आधी थंड, निळसर दिसू लागतात. रोज बघणाऱ्या डोळ्याला हे कळत नाही. त्यासाठी एखाद्या बिनमोलाच्या रंगीत कार्डाचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि शोकेसमध्ये ठेवून द्या. दोन-तीन महिन्यांनी फॉइल काढा. मधोमध रेघ दिसली तर ती जागा तुमच्या संग्रहाला योग्य नाही. संग्रहालयं यासाठी ब्लू वूल पट्ट्या वापरतात, रंगवलेल्या लोकरीचे आठ दर्जे असलेल्या. पहिला दर्जा सगळ्यात लवकर उडतो. त्या विकत मिळतात आणि मोठा संग्रह असेल तर घ्याव्यात.

सही असलेल्या कार्डांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती कायम मांडू नका. मार्करच्या शाईला छपाईच्या शाईइतका टिकाऊपणा नसतो. उत्तम स्कॅन काढा, खऱ्या आकारात छापा, तो मांडा. मूळ कार्ड अंधारात. बाकीच्या कार्डांच्या पाळ्या लावा, तीन महिने बाहेर आणि नऊ महिने आत. पाळ्यांमुळे संग्रह पुन्हा पुन्हा हाताळला जातो आणि बिघाड लवकर नजरेस येतो, हाही फायदा आहेच.

चिकट, धुरकट, ओरखडे

स्लॅबवर तेलकट पापुद्रा येत असेल आणि पुसला की काही आठवड्यांत परत येत असेल, तर शेजारच्या वस्तूवर संशय घ्या. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या, रेक्झिनचं अस्तर, जुने अल्बम यांतून मऊपणा देणारं रसायन झिरपत राहतं. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन आणि पॉलिएस्टर निर्धोक आहेत. पिशवीवर प्रकार छापलेला नसेल आणि ती उघडताच नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास येत असेल तर ती वापरू नका.

फोमकडे फार कमी लोक बघतात. टणक केसमध्ये चौकोन उपटून खाचा करायचा तो फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. काही वर्षांत तो पिवळा पडतो, चिकट होतो, मग भुगा होतो. बंद पेशींचा पॉलिएथिलीन फोम घ्या. शोकेस नवी, एमडीएफ किंवा प्लायवूडची असेल तर तिच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड सुटत असतं. दारं उघडी ठेवून काही आठवडे हवा खेळू द्या आणि मगच स्लॅब लावा. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ मध्ये अँड्र्यू ऑडी यांनी नेमकी अशीच चाचणी बसवली: संशयित साहित्य धातूच्या तुकड्यांसोबत थोड्या ओलाव्यात बंद करायचं, गरम ठेवायचं आणि धातू गंजतो का बघायचं. घरी ती काटेकोर जमणार नाही, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. बंद जागेत काय काय एकत्र कोंडतोय, हे विचारात घ्या.

स्लॅबचं प्लॅस्टिक अल्कोहोल किंवा अमोनिया असलेल्या, काच पुसायच्या फवाऱ्याने कधीच पुसू नका. बारीक जाळीदार तडे पडतात आणि ते परत जात नाहीत. किंचित ओलं मायक्रोफायबर कापड बस होतं, तेही कडेची जोडणी टाळून. कोरडं कापड घासलं की स्थिर वीज तयार होते आणि धूळ उलट जास्त ओढली जाते. हलके ओरखडे प्लॅस्टिकच्या पॉलिशने जातात, खोल गेलेले सोडून द्या. ओरखडे पुन्हा पुन्हा येत असतील तर स्लॅब एकमेकांवर सरकतायत. प्रत्येकाला मापाची पिशवी द्या आणि पुस्तकांसारखे उभे ठेवा, फार दाटीने नको. पीएसएचा स्लॅब तुलनेने पातळ आणि बीजीएस या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीचा जाड, त्यामुळे एकाच मापाच्या खाचांत दोन्ही बसवायला गेलात तर एक खुळखुळतो आणि दुसरा अडकतो. खाचा वेगळ्या ठेवाव्यात.

चकचकीत कार्डावर इंद्रधनुषी डाग दिसले तर ती न्यूटनची वलयं. कार्ड आणि प्लॅस्टिक अगदी जवळ आल्याने उजेडाचा हा परिणाम होतो. कार्डाला काही झालेलं नाही, ते सोडून द्या.

पडणारे स्टँड आणि अग्निरोधक तिजोरी

चिकटपट्टीवर टांगलेले स्लॅब उष्ण आणि दमट हवेत हळूहळू सरकतात आणि एक दिवस खाली येतात. स्क्रूने बसवलेली, पुढे ओठ असलेली पट्टी वापरा.

अग्निरोधक तिजोरीबद्दल दोन गोष्टी. तिच्या भिंतींतला आगीपासून वाचवणारा भराव पाणी धरून असतो, त्यामुळे आत आर्द्रता चढते. कार्डं थेट ठेवू नका, गॅस्केटच्या डब्यात आर्द्रता पाकिटासकट ठेवा. दुसरं असं की यूएल ७२ या आगरोधकतेच्या मानकाचा ‘क्लास ३५०’ म्हणजे आतलं तापमान ३५० फॅरेनहाइटच्या, म्हणजे १७७ सेल्सिअसच्या खाली राहील. कागद त्यात जळत नाही. पण पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतात. कागदपत्रांसाठी पुरेशी असलेली तिजोरी स्लॅबसाठी पुरेशी नाही. त्याच मानकाचा ‘क्लास १२५’ हा ५२ अंशांचा असतो, शक्य असेल तर तो बघा.

रीहोल्डर (त्याच कार्डाला नवा स्लॅब) कधी

स्लॅबला तडा गेला असेल, जोडणी उघडली असेल किंवा कार्ड आत इतकं हलत असेल की कोपरे आपटतात, तर ग्रेडिंग कंपनीकडे नव्या स्लॅबसाठी पाठवा. बीजीएसमध्ये कार्ड आतल्या स्लीव्हमध्ये असतं आणि एसजीसी या आणखी एका कंपनीच्या स्लॅबमध्ये काळ्या चौकटीत, त्यामुळे किंचित हालचाल कोणती आणि ढिलाई कोणती हे त्याच कंपनीच्या दुसऱ्या स्लॅबशी ताडून बघा. निव्वळ वाक असेल तर आधी डबा दुरुस्त करा. नाहीतर नवा स्लॅब त्याच हवेत परत येईल. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे आणि कडेने वाक दिसेल असे फोटो काढा, दर वेळी त्याच दिव्याखाली आणि त्याच कोनातून. फोटोसोबत त्या दिवसाचे डब्यातले किमान-कमाल आकडे लिहून ठेवा. पुढच्या दमट ऋतूत कार्ड पुन्हा वाकलंच, तर कोणत्या आठवड्यात काय बदललं हे त्या नोंदीतून काढता येईल.